डाव्या पायाची उडी

सव्वीस वर्षं मी जर्मनीत फुटबॉल खेळणाऱ्यांचे पाय हातात घेऊन बसलो. माझ्या सासूबाईंना कोल्हापुरात शेजारणीला हे सांगायची वेळ आली तेव्हा त्या अडखळल्या आणि "जावई तिकडं डॉक्टर आहेत" म्हणून मोकळ्या झाल्या. मी फोनवर दुरुस्ती केली, "आई, डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट." त्या म्हणाल्या, "अहो, मला माहीत आहे ते. पण पाय दाबतात असं कुठल्या तोंडानं सांगू?"

यंदा मार्चमध्ये मी निवृत्त झालो. दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, की कामाच्या चार गमती लिहा, लोकांना आवडतात. गमती पुष्कळ आहेत. पण त्यांच्याआड एक गोष्ट दडपून ठेवलेली आहे, आणि ती सोडून बाकीचं लिहिण्यात मला राम वाटत नाही.

आधी धंद्याबद्दल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. मी फिजिओथेरपीची पदवी घेतली तेव्हा त्यांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर असं लावलं, की पाणी मागायला आलेल्या माणसालाही ते वाचल्याशिवाय जाता येऊ नये. ती पदवी घेऊन मी सुनीताच्या मागोमाग एर्लांगेनला आलो. ती इथल्या मोठ्या इलेक्ट्रिकल कंपनीत इंजिनियर. मला आधी पदवीची मान्यता मिळवायची होती. कचेरीतल्या बाईंनी माझे कागद उलटसुलट पाहिले आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "पण यासाठी तुम्ही विद्यापीठात कशाला गेलात?" कारण जर्मनीत हे काम लोक तीन वर्षांच्या व्यवसायशाळेत शिकत. आमच्या घरातली पहिली पदवी, आणि ती अशा देशात आणली जिथं ती कुणी मागितलीच नव्हती. तो काटा माझ्या मनात बरीच वर्षं राहिला. पुढं जे घडलं त्यात त्याचाही वाटा आहे.

वर्षभर एका इस्पितळात हाताखाली काम केलं, जर्मनमधून परीक्षा दिली, आणि अखेर रेल्वेनं अर्ध्या तासावरच्या एका क्लबात लागलो. खालच्या लीगमधला क्लब. स्टँडच्या खाली आमची खोली, दोन टेबलं, बर्फाचं मशीन, कापराच्या मलमाचा वास. तो वास माझ्या कोटातून अजून गेलेला नाही, असं सुनीता म्हणते.

लोकांना वाटतं फिजिओ म्हणजे पट्ट्या बांधणारा आणि पाण्याची बाटली घेऊन मैदानात पळणारा. तेही करतो. पण खरं काम खोटं ओळखण्याचं. खेळाडू दोन तऱ्हेनं खोटं बोलतात. एक जात, दुखत नसताना दुखतंय म्हणणारी. आमच्याकडे एक गोलकीपर होता, त्याची पाठ फक्त टेकडीवर पळायच्या दिवशी धरायची. ही जात निरुपद्रवी. दुसरी जात दुखत असताना हसणारी. त्यांच्या तोंडाकडे बघून उपयोग नसतो. पोटाकडे बघायचं. दुखऱ्या जागेवर बोट पडलं की माणूस हसत राहतो, पण श्वास क्षणभर थांबतो.

ही विद्या मला पदवीनं दिली नाही. उवेनं दिली. उवे क्लबचा जुना मालिशवाला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, दोन वर्षांचा कोर्स केलेला. बोलणं कमी. माझं एखादं निदान पटलं की "गेनाऊ" म्हणायचा, म्हणजे अगदी बरोबर. नाही पटलं की कॉफी करायला उठायचा.

या खोलीत एम्रिस आला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. वेल्सचा मिडफिल्डर. आमच्या अध्यक्षांनी त्याची ओळख "आपला नवा इंग्लिश खेळाडू" अशी करून दिली. एम्रिस नम्रपणे म्हणाला, "मी इंग्लिश नाही." अध्यक्ष म्हणाले, "हो हो, तेच ते." माझ्या टेबलावर पालथा पडला तेव्हा त्याचे कान लाल होते. मी म्हटलं, "मला पुण्याचा म्हणाले की माझंही असंच होतं." पुणं कुठं, कोल्हापूर कुठं, हे त्याला समजावायला अर्धा तास लागला, पण तेवढ्यात दोस्ती झाली. माझं नाव बाळासाहेब. जर्मनांनी त्याचं बाला केलं होतं, त्यानंही तेच उचललं.

एम्रिसचं डोंगरातलं गाव, वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत, घरातला खाणीत न उतरलेला पहिला तो. गावच्या संघात खेळता खेळता सोळाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका क्लबनं उचलला. तिथं खालच्या लीगमध्ये तेरा वर्षं. देशाच्या संघाकडून एकदा बोलावणं आलं, नव्वद मिनिटं बाकावर बसून परत आला. ती न मळलेली जर्सी आईच्या कपाटात होती. तो म्हणायचा, "धुवायचं काम पडलं नाही, आई खूश."

मिडफिल्डर म्हणजे काय हे ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांना कसं सांगावं? गोल करणाऱ्याचं नाव होतं, वाचवणाऱ्याचं होतं. मधला माणूस दिवसभर चेंडू इकडून घेऊन तिकडं देत असतो, आणि त्यानं ते नीट केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. एम्रिसची एक सवय होती. चेंडू त्याच्याकडे यायच्या आत तो दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घ्यायचा. मी कोल्हापुरात पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलो, मारामाऱ्यांसकट. पण असा मान वळवून खेळणारा गडी मी तिथं पाहिला नव्हता. सहा वर्षं आमच्या क्लबाचा खेळ त्याच्या त्या मानेवर चालला.

दुपारी सराव झाल्यावर मी खोलीत दूध घालून चहा उकळायचो. जर्मन पोरं नाक मुरडायची. एम्रिस मात्र चहाचा मग दोन्ही हातांत धरून बसायचा आणि गावच्या गोष्टी सांगायचा. त्याचा थोरला भाऊ ग्लिन गावच्या संघाचा गोलकीपर, शिवाय चिटणीस, शिवाय गवत कापणारा. एम्रिसनं भावाला शब्द दिला होता, की इथलं संपलं की परत येऊन एक पुरा सीझन गावासाठी खेळेन. ज्या संघातून निघालो त्याच संघात थांबायचं. ग्लिननं आठ नंबरची जर्सी त्याच्यासाठी राखून ठेवली होती, ती कुणाला देत नसे. एकदा एम्रिस सांगत होता, "तिथं मैदान उतरतं आहे. पहिल्या हाफमध्ये चढ लागतो, दुसऱ्यात उतार. तुझ्यासारखा फिजिओ नाही, एक बाई आहे, ती मेंढ्यांची डॉक्टर." हे सांगताना त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा तो इथं एखादा सामना जिंकल्यावरही होत नसे.

पस्तिसाव्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, त्याच्या उजव्या गुडघ्याच्या आतला मुख्य दोर तुटला. शस्त्रक्रियेत मांडीच्या स्नायूचा कंडरा काढून त्याचा नवा दोर बसवतात. तो पक्का व्हायला नऊ महिने तरी लागतात, आणि त्या वयात आणखी जास्त. जर्मनीतला हा त्याचा शेवटचा सीझन, हे आधीच ठरलं होतं. शेवटचा सामना मेच्या अखेरीस, म्हणजे साडेआठ महिन्यांवर. उवे म्हणाला, "विसर ते. गावाला खेळायला पाठव त्याला, पुढच्या वर्षी." मी म्हणालो, "बघू."

त्या 'बघू'मध्ये काय काय होतं, ते आज कळतं. एम्रिसला निरोपाचा सामना मिळावा ही इच्छा होतीच. पण इथल्या व्यवसायशाळेत न शिकवलेलं शास्त्र मी विद्यापीठात शिकलोय, ते या सगळ्यांना दाखवायचंही होतं. मी नवे शोधनिबंध वाचले, तक्ते केले. एम्रिस रोज सकाळी साताला हजर. हिवाळ्यात पोहायच्या तलावावर, मग सायकल, मग वजनं. आठ महिन्यांत त्यानं एकदाही कंटाळा केला नाही. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला काळ कुठला असं कुणी विचारलं तर मी त्याच सकाळी सांगेन. बाहेर बर्फ, आत आम्ही दोघं, आणि गुडघा रोज केसभर पुढं.

शेवटच्या सामन्याचं महत्त्व मात्र निरोपापुरतं उरलं नाही. आम्ही हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये घसरणार होता. ट्रेनरला, म्हणजे प्रशिक्षकाला, वीस मिनिटांपुरता का होईना पण एम्रिस हवा होता. खेळवायचं की नाही हे कागदावर डॉक्टर ठरवत, पण डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि मी लिहीन त्यावर सही करायचे.

त्या गुरुवारी मी चाचणी घेतली. सोपी असते. एका पायावर उभं राहून जमेल तेवढी लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं, डळमळायचं नाही. तीनदा. मग दुसऱ्या पायानं. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या जवळपास बरोबरीला आला की हरकत नाही. एम्रिसचा उजवा डाव्याच्या बरोबरीला आला होता. फरक चार बोटांचाही नाही. एम्रिसनं मला उचललं आणि खाली ठेवलं. तो आंघोळीला गेल्यावर मी उवेकडे बघितलं. मला त्याच्याकडून 'गेनाऊ' ऐकायचं होतं.

तो टॉवेलांच्या घड्या घालत होता. म्हणाला, "बाला, डाव्या उडीच्या वेळी त्याचे हात कुठे होते?"

"म्हणजे?"

"उजव्या पायानं उडाला तेव्हा दोन्ही हात झोकले. डाव्या वेळी अंगाला चिकटलेले. हात न हलवता कुणी लांब उडी मारतं?"

मी म्हटलं, "उवे, आकडे समोर आहेत."

"असतील," तो म्हणाला आणि कॉफी करायला उठला.

त्याला खोटं ठरवायला मी माझी जुनी वही काढली. सीझन सुरू व्हायच्या आधी, जुलैमध्ये, सगळ्यांच्या उड्या मी मोजून ठेवत असे. एम्रिसच्या डाव्या पायाची जुलैतली उडी आणि आजची, यांत वीतभराचा फरक होता. चांगला पाय दहा महिन्यांत एवढा वाळत नाही. एम्रिसनं चांगल्या पायानं मुद्दाम आखूड उडी मारली होती, म्हणजे दुखरा पाय बरोबरीचा दिसावा. जुलैच्या उडीशी ताडून पाहिलं तर उजवा पाय नापास होता, काठावर वगैरे नाही, चांगलाच.

मी वही मिटली. उवे कप घेऊन आला तेव्हा म्हणालो, "जुलैचेही आकडे बघितले. ठीक आहे." आणि कागदावर लिहिलं, खेळण्यास योग्य. शुक्रवारी डॉक्टरांनी सही केली.

त्या संध्याकाळी जेवताना सुनीता म्हणाली, "अहो, तुमचा वेल्सवाला खेळणार का उद्या?"

"खेळणार."

"मग तोंड का असं?"

"थकलोय," मी म्हटलं.

शनिवारी एम्रिस शेवटची वीस मिनिटं राहिली असताना उतरला. स्टँडमधली सगळी माणसं उभी राहिली. सामना बरोबरीत होता आणि आमच्या पोरांचे पाय भीतीनं बांधले गेले होते. त्यानं आल्या आल्या चेंडू मागितला, दोन्ही खांद्यांवरून बघितलं, आणि अगदी साधा पास दिला. मग आणखी एक. पाच मिनिटांत सगळ्यांचा श्वास जाग्यावर आला. त्याच्याच एका पासवरून गोल झाला. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, आणि ती मला बघायला मिळाली कशामुळे, हेही नाही.

शिट्टीला दोन मिनिटं असताना तो चेंडू घेऊन डावीकडे वळला. आसपास कुणी नव्हतं. उजवा पाय गवतात रुतला आणि अंग पुढं गेलं. मी धावत पोचलो. गुडघा दुमडून पोटरी दोन्ही हातांनी पुढं ओढली, तर टेबलाचा खण बाहेर यावा तशी ती सरकली. दोर गेला होता. एम्रिस माझ्याकडे नाही, फलकाकडे बघत होता. "आपण राहिलो ना लीगमध्ये?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

या वेळी गुडघ्यातली कूर्चाही फाटली होती. सर्जननं स्पष्ट सांगितलं, चाल, सायकल चालव, पळणं बंद. गावचा संघ? तोही बंद.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी इस्पितळात गेलो. तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "बाला, तुला एक सांगायचंय. त्या गुरुवारी डाव्या पायानं मी पूर्ण उडी मारली नव्हती. तुला फसवलं मी. तुझं नाव खराब झालं."

तेव्हा मला फक्त दोन शब्द बोलायचे होते: माहीत होतं. तोंडात आले होते. मी म्हणालो, "राहू दे आता ते." त्याला वाटलं मी माफ केलं. त्यानं माझा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर उवेनं कॉफी समोर ठेवली. पुढं निवृत्त होईपर्यंत त्यानं त्या चाचणीचा विषय काढला नाही. तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. त्याला मी सांगितलं नाही, आणि ते आता राहिलंच.

हे सगळं यंदा लिहून काढलं आणि सुनीताला वाचायला दिलं. तिनं शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, हे एम्रिसला सांगितलंय?"

"नाही."

"मग मराठी दिवाळी अंकात कशाला सांगताय? त्याला वाचता येत नाही म्हणून?"

आमची मुलगी ड्रेस्डेनला एका चिपच्या कारखान्यात आहे. एम्रिसही लग्न करून त्याच शहरात स्थायिक झालेला. तिकडे गेलो की त्याला भेटायचो, मागच्या गप्पा व्हायच्या, हा विषय टाळून. या ऑगस्टमध्ये मी मुद्दाम गेलो. मुलगी म्हणाली, "पापा, मी येऊ?" म्हणजे जर्मनमध्ये म्हणाली, मराठी तिला कळतं पण तोंडातून येत नाही. मी एकटाच गेलो.

एम्रिस आता बावन्न वर्षांचा आहे. उजव्या गुडघ्याच्या जागी धातूचा सांधा बसवलाय. एका बायकांच्या संघाला शिकवतो, मैदानाच्या रेषेबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून. मी शेजारी उभा राहिलो आणि उगाच हवापाण्याचं न बोलता सुरुवात केली.

"एम्रिस, त्या डाव्या उडीचं मला माहीत होतं."

"मीच तर सांगितलं होतं तुला."

"त्याच्या आधीपासून. गुरुवारीच. जुलैचा आकडा बघितला होता मी."

त्यानं मैदानातल्या एका बाईला ओरडून सांगितलं, मान वळव, आधी मागं बघ. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सही घ्यायच्या आधी?"

"आधी."

तो खुर्चीत माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "सतरा वर्षं मी समजत होतो की मी तुला फसवलं. दर ख्रिसमसला बायकोकडून केक करून घेऊन तुला पाठवतो तो कशासाठी, तुला काय वाटलं?"

"मला वाटलं आवडीनं पाठवतोस."

"जा, आवडीनं," तो म्हणाला. जर्मन माणूस हो म्हणताना म्हणतो तसा 'जा', पण त्यात हो नव्हतं. "का केलंस?"

"तू खेळायला हवा होतास मला. आणि माझे तक्ते बरोबर आहेत हे उवेला दाखवायचं होतं."

"उवेला," तो म्हणाला. मान हलवली. हसला असं वाटलं, पण हसला नव्हता. खिशातून फोन काढून त्यानं नंबर लावला आणि त्यांच्या भाषेत बोलू लागला. मला त्यातलं 'बाला' एवढंच कळलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

"ग्लिन आहे. गावात सगळ्यांना मी सांगितलंय की माझ्या खोटेपणानं गावासाठी खेळायचं राहिलं. आता तुझं तू सांग."

ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं पुन्हा सांगितलं. वही, वीतभर फरक, कागद. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असता, तर तो आमच्याकडे खेळला असता का? फिजिओ म्हणून सांगा."

इतकी वर्षं मी हा प्रश्न स्वतःला पडू दिला नव्हता. उत्तर मात्र तयार होतं.

"हो," मी म्हटलं. "आणखी चार महिने थांबवला असता, तर एक पुरा सीझन नक्की."

 मी फोन एम्रिसच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला, खुर्चीचा हात धरून उठला, आणि मैदानाच्या कडेनं हळूहळू माझ्यापासून लांब चालत गेला.